गायतोंडे यांच्या चित्रासमोर उभे राहिल्यावर नेमके काय पाहायचे?

कोटितीर्थ (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापूरचा असून माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे. चित्रकलेविषयीचे माझे वाचन बेताचेच आहे, पण चित्रे पाहण्याची सवय मात्र लहानपणापासूनची. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावात वाढलेल्या माणसाला ती आपोआपच लागते. तळ्याचे पाणी पाण्यासारखे दिसले पाहिजे, पागोट्याची घडी घडीसारखी दिसली पाहिजे, आणि तेवढे साधल्यावर त्यापलीकडे काही असेल तर तो चित्रकाराचा मोठेपणा, अशी माझ्या डोळ्यांची घडण आहे. तिची मर्यादा गेल्या महिन्यात ध्यानात आली.

मुंबईला मुलीकडे गेलो असताना एका प्रदर्शनात वासुदेव संतू गायतोंडे यांचे एक तैलचित्र प्रथमच प्रत्यक्ष पाहायला मिळाले. माणसाच्या उंचीच्या आसपासचा उभा कॅनव्हास, हळदीत राख मिसळावी तसा रंग, आणि त्यावर मधोमध व थोडे वर काही गडद, तुटक आकार. ते एखाद्या विसरलेल्या लिपीतील अक्षरांसारखे दिसत होते, परंतु वाचता येत नव्हते. चित्राला शीर्षक नव्हते. शेजारच्या पाटीवर ध्यान, मौन, झेन आणि शून्य हे चारही शब्द एकाच परिच्छेदात आले होते. मी सुमारे दहा मिनिटे उभा राहिलो. त्यातली पहिली सात मिनिटे ते आकार कशाचे असावेत याचा तर्क करण्यात गेली आणि उरलेली तीन, मुलगी कंटाळली असेल या चिंतेत.

तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. त्या चित्रात कोठेही दिवा, सूर्य किंवा खिडकी रंगवलेली नव्हती, सावलीही नव्हती, आणि तरी त्याच्या आतून उजेड येत असल्यासारखे वाटत होते. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात तो उजेड अजिबात उतरलेला नाही. तेथे केवळ एक मळकट पिवळा आयत दिसतो. विज्ञानाच्या शिक्षकाला हे अस्वस्थ करणारे आहे. जाणकारांना माझी विनंती अशी, की हा उजेड येतो कोठून, हे त्यांनी शक्य तितक्या साध्या भाषेत सांगावे. गायतोंडे यांना 'अमूर्त' हा शब्द मान्य नव्हता असे वाचले, त्याचे कारण काय? आणि ध्यान-मौनाची ती शब्दावली बाजूला ठेवून हे चित्र पाहता येते का, की तिच्याशिवाय हाती काहीच लागत नाही?

रोलर आणि सुरी

आपण उजेडापासून सुरुवात केली हे फार बरे झाले, कारण बहुतेक लोक अर्थापासून सुरुवात करतात आणि तेथेच अडकतात. मी स्वतः तैलरंगात काम करतो, तेव्हा कारागिराच्या बाजूने सांगतो.

तैलरंग दोन प्रकारे लावता येतो. एक म्हणजे जाड, अपारदर्शक. त्यावर पडलेला प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो आणि आपल्याला रंगाची कातडी दिसते. दुसरा म्हणजे तेल आणि टर्पेंटाइन घालून पातळ केलेला, काचेसारखा पारदर्शक थर. अशा थरातून प्रकाश आत शिरतो, खालच्या फिकट अस्तरावर आपटतो आणि त्याच थरातून पुन्हा बाहेर येतो. येताना आणि जाताना, दोन्ही वेळा तो गाळला जातो. एकावर एक असे अनेक थर असले आणि त्यांच्या रंगछटा एकमेकींपासून थोड्याच निराळ्या असल्या, की डोळ्याला प्रकाश नेमका कोणत्या पातळीवरून परततो आहे हे ठरवता येत नाही. ही अनिश्चितता आपल्याला 'आतला उजेड' म्हणून जाणवते. आपण विज्ञान शिकवले आहे, त्यामुळे यात गूढ काही नाही हे आपल्याला लगेच पटेल. मात्र एक थर पुरता वाळल्याशिवाय दुसरा चढवता येत नाही आणि तैलरंग वाळायला दिवसेंदिवस घेतो. यात घाई केली की रंग गढूळ होतो आणि सारा खेळ तेथेच संपतो. गायतोंडे वर्षाकाठी पाच-सहाच चित्रे पूर्ण करीत असत, ही गोष्ट त्यांच्या विरक्तीचा पुरावा म्हणून नेहमी सांगितली जाते. मला त्यात आधी वाळण्याचा हिशेब दिसतो, विरक्ती नंतर.

आता हत्यारांविषयी. त्यांनी प्रौढ काळातील चित्रांत कुंचल्याला जवळजवळ रजा दिली होती. कुंचल्याच्या फटकाऱ्यात चित्रकाराचा हात दिसतो, त्याची घाई दिसते, त्याचा स्वभाव दिसतो. त्याऐवजी ते रोलर वापरीत, आणि रंग पसरायला, दाबायला, खरवडायला पॅलेटची सुरी. रोलरने रंग एकसारखा पसरतो, पण त्याची एक गंमत आहे: तो खालच्या पोताच्या उंचवट्यावर अधिक बसतो आणि खळग्यात कमी. त्यामुळे पृष्ठभाग दुरून सपाट दिसला तरी जवळून भिजलेल्या भिंतीसारखा जिवंत असतो.

आणि ती आपली न वाचता येणारी अक्षरे. ती बहुतांशी रंगवलेली नसतात. वर्तमानपत्रांचे आणि मासिकांचे कागद फाडून त्यांचे तुकडे ते ओल्या रंगाशी वापरीत. कागद रंगावर ठेवायचा, दाबायचा, उचलायचा. कागदाबरोबर काही रंग निघून येतो, किंवा कागदावरचा रंग कॅनव्हासवर उतरतो. ठशाच्या छपाईशी याचे नाते आहे, पण येथे ठसा एकदाच उमटतो आणि पुन्हा तसाच उमटवता येत नाही. म्हणून तो आकार कशाचा, हा प्रश्न त्या आकाराला लागूच पडत नाही. तो कशाचे तरी चित्र नसून एका कृतीची खूण आहे.

यातूनच आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर निघते. 'अमूर्त' म्हणताना आपण असे गृहीत धरतो की आधी काही मूर्त होते, झाड होते, बाई होती, डोंगर होता, आणि चित्रकाराने त्यातले तपशील गाळत गाळत सार तेवढे ठेवले. गायतोंडे यांचे म्हणणे असे होते की आपल्या चित्रांच्या मुळाशी अशी कोणतीही वस्तू नाही. म्हणून त्यांना 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' हा शब्द जवळचा वाटे; मराठीत आपण वस्तुनिरपेक्ष म्हणू या. हा केवळ शब्दच्छल नाही. अमूर्त म्हटले की प्रेक्षक हरवलेली वस्तू शोधू लागतो, आणि आपली पहिली सात मिनिटे नेमकी त्यातच गेली.

खेतवाडी नाका

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण गायतोंडे थेट रोलर हातात घेऊन जन्मले असा समज त्यातून होऊ नये म्हणून थोडे चरित्र सांगतो.

त्यांचा जन्म १९२४ सालचा, नागपूरचा, घराणे गोव्याचे, आणि वाढ गिरगावातल्या चाळीतली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ मध्ये त्यांनी पदविका घेतली. त्या काळी जे. जे.मध्ये एकीकडे ब्रिटिश अकादमिक शिस्त होती आणि दुसरीकडे जगन्नाथ अहिवासी यांच्यासारखे शिक्षक भारतीय लघुचित्रांची परंपरा विद्यार्थ्यांच्या हाताखालून घालवीत होते. शंकर पळशीकरांचाही गायतोंड्यांवर प्रभाव होता. त्यांची सुरुवातीची चित्रे पाहिलीत तर त्यांत माणसे आहेत, सपाट उजळ रंग आहेत, लघुचित्रांसारखी कप्पेबंद रचना आहे. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. गायतोंडे संस्थापकांत नव्हते, त्यांना १९५० मध्ये बोलावून घेण्यात आले. समूहात राहूनही समूहाच्या आवाजात आवाज न मिसळणारे जे असतात, त्यांपैकी ते एक होते असे मला वाटते.

मग युरोपीय चित्रकार पॉल क्ले आपल्या चित्रांमधून त्यांच्या आयुष्यात आला. क्लेच्या चित्रांत त्यांना रेषा सापडली, आणि पुढे त्यांनी ती रेषाही टाकून दिली. हे टाकून देणे एका रात्रीत झालेले नाही. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत आकृती विरळ होत जातात, त्या दशकाच्या अखेरीस त्या नाहीशा होतात, आणि साठच्या दशकातल्या चित्रांत आडव्या पट्ट्या, क्षितिजासारखे काही, ओलसर धुक्यासारखे काही दिसू लागते. त्या वर्षांत ते वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये काम करीत होते. ही जागा विलक्षण होती. समोर समुद्र, आत हुसेन, तय्यब मेहता, दशरथ पटेल यांच्यासारख्यांची कामे चाललेली, रविशंकरांचा संगीतवर्ग, आणि गच्चीवर अल्काझींचे नाटक. नसरीन मोहमदी ही पुढच्या पिढीतली चित्रकर्तीही तेथेच त्यांच्या सहवासात आली. ती इमारत आज उरलेली नाही. त्या क्षितिजासारख्या पट्ट्या समुद्रावरून आल्या असे अनेक जण म्हणतात. खुद्द चित्रकाराने वस्तू नाकारली असताना आपण समुद्राचा आग्रह धरू नये, हे मला मान्य आहे. पण रोज तासन्‌तास समुद्रासमोर बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आणि आकाश यांतले पुसट होत जाणारे अंतर मुरले नसेल, असेही म्हणवत नाही.

ध्यान आणि मौन यांच्याविषयी आपण विचारलेत. झेन या जपानी बौद्ध ध्यानपरंपरेविषयीचे वाचन त्यांनी केले होते, रमण महर्षी आणि कृष्णमूर्ती त्यांना जवळचे वाटत, आणि निसर्गदत्त महाराजांच्या विचारांकडे त्यांचा ओढा होता. शेवटचे नाव मराठी माणसाने जरा थांबून ऐकावे असे आहे. निसर्गदत्त म्हणजे गिरगावालगतच्या खेतवाडीत विडीचे दुकान चालवणारे गृहस्थ. पोटमाळ्यावरच्या छोट्या खोलीत बसून मराठीत बोलायचे, आणि त्यांचे बोलणे असे, की 'मी अमुक आहे' यातले 'अमुक' गाळून टाका आणि नुसत्या 'आहे' वर थांबा. आता त्या पाटीवरच्या 'शून्या'ऐवजी हे वाक्य मनात ठेवून तेच चित्र पाहा. परदेशी संग्रहालयांना गायतोंडे समजावून सांगताना झेनचा आधार सोयीचा पडतो, कारण झेन तिकडे आधीच पोहोचलेले आहे. आपल्याला इतक्या दूर जाण्याची गरज नाही; धागा चर्नी रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

रोखठोक

मला येथे थोडा विरोधी सूर लावायचा आहे, आणि तो चित्रांविरुद्ध नाही.

एकांतात राहणारा, कमी बोलणारा, कोणात न मिसळणारा, दिल्लीत गच्चीवरच्या खोलीत एकटा राहून शून्याकडे पाहणारा ऋषितुल्य चित्रकार, ही प्रतिमा कोणाच्या उपयोगाची आहे याचा विचार करावा. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्या ख्रिस्तीजच्या पहिल्या लिलावात त्यांचे १९७९ सालचे एक चित्र २३.७ कोटी रुपयांना गेले. दोन वर्षांनी दुसरे एक २९ कोटींच्या पुढे गेले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १९७० सालच्या एका चित्राने ६७ कोटींचा आकडा ओलांडला. चित्रकार २००१ मध्येच गेला आहे. कमी चित्रे, बोलण्याचे मोजके संदर्भ, आणि भोवती अध्यात्माचे वलय: बाजाराला याहून सोयीचे काय असू शकते? शीर्षक नसलेल्या चित्राला अर्थ पुरवण्याचे काम मग लिलावाच्या सूचिपत्रांनी उचलले, आणि आपल्याला त्रास देणारी ती पाटी त्याच भाषेत लिहिलेली असते.

शिवाय मार्क रॉथ्को या अमेरिकी चित्रकारावरून केला जाणारा 'भारतीय रॉथ्को' हा उल्लेख. तोही असाच एक बाजारू उतारा आहे, की ज्याला रॉथ्को ठाऊक आहे त्याला गायतोंडे विकत घेणे सोपे जावे. यावर जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आणि खेतवाडीकर, आपला धागा सुंदर आहे हे मान्य करूनही विचारतो: ज्याने निसर्गदत्तांचे नावही ऐकलेले नाही अशा माणसाला तो उजेड दिसला की नाही? कोटितीर्थ यांना तर दिसला.

रोलर आणि सुरी

रॉथ्कोविषयी सांगतो. गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, चेल्सी हॉटेलात राहिले, तिथली चित्रे त्यांनी पाहिली, आणि त्याचा त्यांच्यावर परिणाम झाला हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात त्यांचे जे चित्र आहे ते १९६२ सालचे आहे. त्याआधी, १९५७ मध्ये, टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले होते. म्हणजे ज्या वाटेवर ते चालले होते ती वाट विमानात बसण्यापूर्वीच धरलेली होती. न्यूयॉर्कमध्ये त्यांना दिसले ते इतकेच, की या वाटेवर दुसरेही कोणी चालत आहे. एकट्याने चालणाऱ्याला त्याचे मोल फार असते, पण त्याला अनुकरण म्हणत नाहीत.

चित्रांकडे पाहिले तरी फरक स्पष्ट आहे. रॉथ्कोचे मोठे आयत आपल्या अंगावर येतात. त्यांच्या कडा श्वास घेतल्यासारख्या पुढेमागे होतात आणि प्रेक्षकाने त्या रंगात बुडावे अशी त्यांची मागणी असते. गायतोंड्यांच्या चित्रात बुडता येत नाही, कारण ते तुकडे, ती अक्षरे, आपल्याला पृष्ठभागावर थोपवून धरतात. आकार वर, उजेड खाली. नजर एकावर टेकते आणि दुसऱ्यात शिरते, पुन्हा वर येते. ही ये-जा हीच माझ्या मते चित्राची खरी घटना आहे. सत्तरच्या दशकातल्या उभ्या चित्रांत हे आकार कसे मांडले आहेत ते पाहा. ते विखुरलेले वाटतात, परंतु एक जरी अंगठ्याने झाकला तर सारा कॅनव्हास एका बाजूला कलतो. हा प्रयोग छापील चित्रावर करावा. संग्रहालयात केल्यास पहारेकरी आपल्याला दारापर्यंत पोहोचवतील.

रोखठोक, आपली बाजाराविषयीची नाराजी मला समजते. मात्र एकांताची ती प्रतिमा बाजाराने निर्माण केली असे म्हणणे कालक्रमात बसत नाही. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर लवकरच ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीन ईस्टमध्ये गच्चीवरच्या खोलीत, तिकडे जिला बरसाती म्हणतात तीत, अनेक वर्षे राहिले. त्या काळात त्यांची चित्रे विकत घेणारे मुंबईतले काही गॅलरीवाले आणि मोजके संग्राहक होते. कोट्यवधींचा आकडा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. माणूस खरोखरच तसा होता. बाजाराने त्याचा नंतर उपयोग करून घेतला, एवढेच.

१९८४ नंतरच्या काळाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, म्हणून दोन शब्द. दिल्लीत रस्त्यावरील अपघातात त्यांना मोठी दुखापत झाली आणि मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहून काम करणे काही वर्षे अशक्य झाले. या वर्षांत त्यांनी कागदावर शाईने कामे केली. ती लहान आहेत, त्यांत थर नाहीत, उजेड दडवण्यासाठी खोली नाही; केवळ कोरा कागद आणि त्यावर काळ्या खुणा. ज्यांना थरांचे तंत्र म्हणजेच गायतोंडे असे वाटते, म्हणजे या धाग्यावर माझ्यासारख्याला, त्या कामांनी खोटे पाडले आहे. थर काढून घेतले तरी चित्र उभे राहते, कारण खूण कोठे करायची आणि कोठे करायची नाही याचा निर्णय शिल्लक राहतो. तो निर्णय कोठून येतो, हे मला कारागिराच्या भाषेत सांगता येणार नाही. येथे मी खेतवाडीकरांसाठी जागा सोडतो.

खेतवाडी नाका

सोडलेली जागा मी आनंदाने घेतो, पण थोडीच.

रोखठोक यांचा प्रश्न रास्त आहे. निसर्गदत्तांशिवाय उजेड दिसतो. रागाचे नाव ठाऊक नसलेल्या माणसालाही मारवा ऐकताना संध्याकाळी जीव कातरतो, तसेच हे. मी चरित्राचा धागा दिला तो किल्ली म्हणून दिला नव्हता. किल्ली म्हटले की कुलूप आले, आणि या चित्राला कुलूप नाही. मला म्हणायचे होते ते एवढेच, की ज्या माणसाने वर्षानुवर्षे 'अमुक' गाळण्याचा अभ्यास केला, त्याने चित्रातून वस्तू, मग आकृती, मग रेषा, मग कुंचल्याचा फटकारा, म्हणजे स्वतःची सही, एकामागून एक काढून टाकली, हे योगायोगाने घडले असे मानणे मला अवघड जाते. रोलर हे नुसते हत्यार नाही. 'मी' दिसू नये यासाठी ते निवडलेले आहे. तंत्र आणि वृत्ती यांना दोन वेगळ्या प्रतिसादांत वाटून टाकण्याची चूक आपण दोघांनी मिळून केली.

संगीताची उपमा अनेक जण देतात, आताच मीही दिली, परंतु एका बाबतीत ती फसवी आहे. विलंबित ख्याल ऐकताना वेळ गायकाच्या हातात असतो. तो समेवर येईपर्यंत आपल्याला थांबणे भाग असते. चित्र कोणालाही थांबवीत नाही. दोन सेकंदांत पाहून पुढे जाणाऱ्याला ते अडवत नाही. वेळ प्रेक्षकाला स्वतःच्या खिशातून घालावा लागतो. त्यामुळे कोटितीर्थ, माझी व्यवहारी सूचना अशी, की पुढच्या वेळी एकटे जा, बसायला बाक असेल तर बसा, आणि प्रथम लांबून, मग कडेने, मग अगदी जवळून असे तीन टप्प्यांत पाहा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहात आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत. मात्र ती सदैव भिंतीवर नसतात, आलटूनपालटून लावली जातात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. होमी भाभांच्या काळापासून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जमवलेल्या संग्रहातही त्यांचे काम आहे. पदार्थविज्ञानाच्या संस्थेच्या भिंतीवर वस्तुनिरपेक्ष चित्र, हे एका विज्ञानशिक्षकाला आवडावे.

रोखठोक

'मी दिसू नये म्हणून रोलर' हे मान्य. मात्र मग एक विसंगती राहते, ती नोंदवतो. ज्या चित्रकाराने आपला हात पुसण्यासाठी इतका आटापिटा केला, त्याचे चित्र आज दहा फुटांवरून ओळखू येते. लिलावाच्या सूचिपत्रात पान उलटले की नाव वाचण्यापूर्वीच कळते. 'मी' गेला की नाही, याविषयी मला शंका आहे.

रोलर आणि सुरी

या शंकेवर माझ्याजवळ उत्तर नाही. विद्यार्थ्यांच्या हातात मी रोलर दिला आणि वर्तमानपत्राचे तुकडे दिले, तेव्हा प्रत्येकाचे काम निराळे निघाले आणि एकाचेही गायतोंड्यांसारखे निघाले नाही. त्यांची नक्कल करणे किती अवघड आहे हे मात्र त्या दिवशी मुलांना चांगलेच कळले, आणि माझे दोन रोलर कायमचे वाया गेले.

कोटितीर्थ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण पुन्हा पाहिल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते. गेल्या आठवड्यात कामानिमित्त मुंबईला जाणे झाले आणि प्रदर्शन संपायला दोन दिवस शिल्लक होते. या वेळी एकटाच गेलो, दुपारी, गर्दी नसताना.

खेतवाडीकरांनी सांगितल्याप्रमाणे प्रथम समोरच्या भिंतीला पाठ लावून लांबून पाहिले. तेथून उजेड खालच्या अर्ध्या भागात साचलेला दिसतो. डोहाच्या तळाशी वाळू दिसावी तसा. (डोह म्हणताच मी पुन्हा वस्तूकडे वळलो, हे माझ्या ध्यानात आले. सवय लवकर जात नाही.) मग कडेला गेलो, चित्राच्या डाव्या अंगाला, जवळजवळ भिंतीला समांतर, आणि छताच्या दिव्याचा प्रकाश कॅनव्हासवरून तिरपा घसरताना पाहिला. समोरून सपाट दिसणारे ते चित्र तेथून उंचसखल होते. रोलरने रंग उंचवट्यावर कसा धरला आहे ते बोटाने दाखवता येईल इतके स्पष्ट दिसले. आबालाल यांची तळ्याची चित्रे मी कायम समोरून पाहिली. कडेने पाहण्याचे कधी सुचले नव्हते, आणि आता कोल्हापुरात परतल्यावर ते करणार आहे.

शेवटी, पहारेकऱ्याची नजर सांभाळून, अगदी जवळ गेलो. मधोमध असलेला सर्वांत गडद आकार, ज्याला मी मागच्या वेळी एखाद्या अक्षराचा काना समजलो होतो, त्याची एक कड सुरीने कापल्यासारखी सरळ होती आणि दुसरी फाटलेल्या कागदासारखी दातेरी. मी आजवर समजत होतो की तेथे गडद रंग वरून लावलेला आहे. तसे नव्हते. पिवळा थर भोवती उंच होता आणि तो आकार त्यात किंचित खोल बसलेला होता. तेथून रंग उचलून नेलेला होता, आणि मला दिसत होता तो खूप आधी केव्हातरी लावलेला, वरच्या सर्व थरांखाली झाकला गेलेला काळपट रंग.

म्हणजे मी ज्याला चित्रावरचे अक्षर समजून दोन महिने वाचण्याचा प्रयत्न करीत होतो, तेथे खालचे दिसावे म्हणून केवळ वरचे काढलेले होते. रोलर आणि सुरी यांना एकच विचारायचे आहे: वरचे थर चढवताना खाली काय आहे हे चित्रकाराला आठवत असते का, की कागद उचलेपर्यंत त्यालाही ठाऊक नसते?

रोलर आणि सुरी

माझ्यापुरते सांगतो: रंग आठवतो, जागा आठवत नाही. कागद उचलताना हात थोडा थरथरतो.